हॉट रॉड, मुक्काम पोस्ट बजाजनगर

हॉट रॉड, म्हणजे जुनी गाडी उचलून वेगासाठी नव्याने बांधलेली गाडी, बांधायची हौस माणसाला दोन वाटांनी लागते. एक वाट मोबाइलवर रात्री बारानंतर दिसणाऱ्या चित्रफितींची. ती निरुपद्रवी असते, कारण त्या चित्रफितीतली १९३२ची फोर्ड छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत कुठेच पडलेली नसते. दुसरी वाट जिन्याखाली धूळ खात उभ्या असलेल्या गाडीची. ही धोक्याची, कारण गाडी समोर असते, पाना शेजाऱ्याकडे असतो आणि शेजारी फर्स्ट शिफ्ट करून दुपारीच रिकामा झालेला असतो. वाळूजच्या बजाजनगरात राहणाऱ्या, खिशात थोडे पैसे आणि डोक्यात बरीच ऊब असलेल्या माणसाने पहिला प्रकल्प कोणता निवडावा, याबद्दल माझं मत पक्कं आहे: जुनी, टू-स्ट्रोक बजाज चेतक. आणि ती वेगासाठी बांधू नये. पहिल्या किकला सुरू व्हावी म्हणून बांधावी. हे ऐकून खऱ्या हॉट रॉडवाल्याला हसू येईल. चेतकवाल्यालाही येईल, पण त्याचं कारण वेगळं असेल, कारण पहिल्या किकला सुरू होण्याची गोष्ट त्याने आजवर फक्त इतरांच्या तोंडून ऐकलेली असते. तरीही परवडत नाही म्हणून काढलेली ही पळवाट नव्हे. हॉट रॉडची परंपरा नीट तपासली तर ती चेतकपाशीच येऊन थांबते, असं माझं म्हणणं आहे.

परंपरेची हकीकत अशी. १९३०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांकडे पैसे नव्हते आणि फोर्डच्या जुन्या गाड्या मात्र मुबलक होत्या. १९२८ ते १९३१ या चार वर्षांत फोर्डने मॉडेल ए जातीच्या सुमारे ४८ लाख गाड्या बनवल्या, आणि १९३२ साली सामान्य गिऱ्हाइकाला परवडेल असं आठ सिलिंडरांचं, ६५ अश्वशक्तीचं इंजिन बाजारात आणलं. काही वर्षांत पहिल्या मालकांना या गाड्यांचा कंटाळा आला आणि भंगारवाल्यांकडे ढीग लागले. पोरांनी एका ढिगातून हलकी बॉडी उचलली, दुसऱ्यातून दांडगं इंजिन उचललं, मडगार्ड काढून फेकले आणि सुट्टीच्या दिवशी म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांवर जाऊन गाड्या पळवल्या. १९३७ साली त्यांच्या क्लबांची संघटना झाली, जानेवारी १९४८मध्ये त्यांचं मासिक निघालं, १९४९ साली बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्यांचा वेगसप्ताह भरला. आज ज्या १९३२च्या फोर्डचं नाव लोक सोवळ्यात घेतात, ती त्या काळी निवडली गेली कारण ती स्वस्त होती, गल्लीत चार जणांना तिचा स्वभाव माहीत होता आणि ती मोडली असती तर घरात कुणी जेवण टाकलं नसतं. शिवाय ही पोरं हवेतून शिकली नव्हती. लॉकहीड, डग्लस असे विमानांचे मोठे कारखाने आसपास होते. पत्रा ठोकणं, रिव्हेट मारणं, वेल्डिंग करणं ही त्या भागाची रोजची मजुरी होती. कारखाना, भंगार आणि मोकळी जमीन या तिन्हींच्या शेजारात हॉट रॉड जन्मली. त्यामुळे आज बजाजनगरातल्या कुणी अमेरिकेहून १९३२ची फोर्ड मागवली, तर तो परंपरेचा पाईक ठरत नाही. तो सीमाशुल्क भरणारा सद्गृहस्थ ठरतो.

आता हाच नकाशा वाळूजवर ठेवून पाहा. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते बजाज ऑटोच्या वाळूज प्रकल्पाचं उद्घाटन झालं. मग सुटे भाग पुरवणारे आले, त्यांना सुटे भाग पुरवणारे आले, आणि या सगळ्यांना चहा पुरवणारे आले. एन्ड्युरन्स आणि व्हेरॉक ही नावं याच पट्ट्यात मोठी झाली. कामगारांच्या वस्त्या बजाजनगरापासून रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटीपर्यंत पसरल्या. परिणामी इथल्या कुठल्याही गल्लीत उभं राहून ‘बेअरिंग’ असं जरा मोठ्याने म्हटलं, तर तीन खिडक्या उघडतात. टर्नर, फिटर, टूलरूमवाला, पेंट शॉपवाला, क्वालिटीवाला असे सगळे एकाच पाण्याच्या टँकरच्या रांगेत भेटतात. कारखाना आहे, भंगार आहे, हात आहेत. कोरड्या तळ्याचं तेवढं जमत नाही. जायकवाडीचा नाथसागर उन्हाळ्यात मागे हटतो, तळ उघडा पडतो. पण तो काळ्या गाळाचा, त्यावर लोक गाळपेरा करतात, आणि तिथे दहा इंची चाकाची स्कूटर पळवणाऱ्याला वेगाचा नाही, फार तर खोलीचा विक्रम करता येईल. शिवाय नाथसागर पूर्ण कोरडा पडावा अशी इच्छा धरणाऱ्या माणसाने घरी नळाला पाणी कुठून येतं, याचाही विचार करावा.

इतर उमेदवारांची फार वेळ चौकशी करण्याची गरज नाही. बुलेटचं नाव सगळे आधी घेतात. बुलेटचा दोष एवढाच की तिच्या जुनेपणाची किंमत तिच्या मालकाला आधीच कळलेली असते. यामाहा आरएक्स-१००चं उत्पादन १९९६ साली थांबलं आणि तेव्हापासून तिच्याबद्दलचं प्रेम, भाव आणि चोऱ्या एकत्रच वाढत गेल्या. जीप घ्यावी तर ती आपण बांधायच्या आधी तिघांनी बांधलेली असते आणि तिघांचेही विचार एकमेकांशी जुळलेले नसतात. प्रीमियर पद्मिनी मोहक आहे, पण रो-हाउसच्या पुढच्या मोकळ्या जागेत ती एकदा उघडी करून ठेवली की घरच्यांना आपल्याच घरात तिरकं होऊन शिरावं लागतं, आणि प्रकल्पाची मुदत पद्मिनीच्या नव्हे, त्यांच्या सोशिकपणाच्या हिशेबाने ठरते. एम-८० आणि साताऱ्याची प्रिया या दोघींवर मात्र मी अन्याय करतो आहे, हे मान्य. प्रिया तर चेतकची जवळची नातेवाईक. पण पहिल्या प्रकल्पाला चेतकचं संख्याबळ लागतं. ज्या गाडीचे तीन सांगाडे विकत घेऊन त्यांतून एक गाडी काढता येते, तीच नवशिक्याची गाडी.

इथे पहिला आक्षेप येतो: हॉट रॉडला चार चाकं लागतात, स्कूटर कसली दाखवता? या आक्षेपाचं उत्तर सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावाने देऊन ठेवलं आहे. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगार आणि दुचाकींचे भाग जुळवून मुलासाठी एक छोटी जीप बनवली, सुमारे ६० हजार रुपयांत. २०२१च्या डिसेंबरात तिची चित्रफीत देशभर फिरली. चार चाकं होती, स्टिअरिंग होतं, आणि गाडी सुरू करायची ती किक मारून. महाराष्ट्रातली सर्वात परंपरानिष्ठ हॉट रॉड कोणती असं कुणी विचारलं, तर माझं बोट तिच्याकडे जाईल: पैसे नसणं, भंगार असणं आणि हातात लोखंडाचं कसब असणं, तिन्ही अटी पुऱ्या. उद्योगपती आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, आणि नियमांत बसत नसल्यामुळे ही गाडी कधी ना कधी रस्त्यावर अडवली जाईल, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. त्यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. यातून नवशिक्याने दोन गोष्टी घ्याव्यात. हॉट रॉडपणा चाकांच्या संख्येत नसतो. आणि चार चाकी हॉट रॉडचं सर्वात चांगलं भवितव्य म्हणजे कुणीतरी ती घेऊन त्याबदल्यात रीतसर गाडी देणं. हा योग सगळ्यांच्या पत्रिकेत नसतो.

चेतकच्या बाजूने मुख्य पुरावा तिच्या इतिहासातच आहे. बजाज आधी इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत होती. तो करार १९७१ साली संपला, आणि १९७२ साली राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव लावून चेतक आली. मग ती देशाने इतकी मागितली की नोंदणी करून माणसं वर्षानुवर्षं वाट पाहू लागली. नोंदणी करताना अविवाहित असलेला गृहस्थ डिलिव्हरीच्या दिवशी पुढे मोठा मुलगा आणि मागे कडेवरच्या मुलीसह बायको अशी भरगच्च गाडी घेऊन शोरूममधून बाहेर पडायचा. त्या सगळ्या गाड्या कुठे गेल्या? चेतकचं उत्पादन २००६च्या सुमारास थांबलं, २००९ साली कंपनीने स्कूटरचं नावच सोडलं, पण पत्रा काही विरघळत नाही. शहरात जवाहर कॉलनीच्या बाजूला चेतक घोडा चौक आहे, तिथे घोडा चबुतऱ्यावर उभा आहे. बाकीचे चेतक जिन्याखाली, गच्चीखाली आणि पत्र्याच्या शेडमध्ये उभे आहेत. फोर्डच्या मॉडेल एचं १९३८ साली जे झालं होतं तेच हे: प्रचंड संख्येने खपलेली, सगळ्यांनी वापरलेली आणि सगळ्यांनी टाकलेली गाडी. सुट्या भागांची काळजी नको. गोत्र व्हेस्पाचं असल्यामुळे जगभर तिचे सगेसोयरे आहेत. ब्लॉक-पिस्टन, क्लच प्लेट, गियरचा क्रॉस, केबली, रबरं अजून मिळतात, आणि जे मिळत नाही ते लेथवर करून देणारा माणूस इथे दोन गल्ल्या सोडून राहतो. (कंपनीच्या लेथवर नव्हे. गेटपासशिवाय बाहेर आलेला बुश हा कुठल्याही प्रकल्पाचा पाया होऊ शकत नाही.)

दुसरा आक्षेप जास्त जाणकाराचा आहे आणि तो मला आवडतो. फोर्डला खाली स्वतंत्र चासी असते, वर बॉडी असते. म्हणून बॉडी उचलता येते, कापता येते, बुटकी करता येते. चेतकला चासीच नाही, तिचा पत्रा हाच तिचा कणा. मग हॉट रॉड करणार कशी? बरोबर आहे. चेतकचा फ्लोअर गंजून भोक पडलं असेल तर ते केवळ पाय ओले होण्याचं कारण नसतं. गाडीची पाठच मोडायला आलेली असते. त्यावर लांबी भरून रंग मारणारे कारागीर सर्वत्र आहेत, आणि तशी रंगवलेली चेतक स्पीडब्रेकरवर मधोमध दुमडायला लागली की मालकाला रचनाशास्त्राचा पहिला धडा मिळतो. पण याच कारणाने चेतक पहिल्या प्रकल्पासाठी उत्तम, असं मी म्हणतो. कारण तिच्यात कापाकापीला वावच नाही. नवशिक्याच्या हातात ग्राइंडर आला की त्याला जे सुचतं ते सगळं दुसऱ्या दिवशी पस्तावण्याजोगं असतं, आणि चेतक त्याला आधीच सांगते की इथे कापशील तर रस्त्यावर बसशील. दोन्ही बाजूंचे डबे काढून ठेवले तर ती अर्धी नागडी दिसते, मडगार्ड काढलेल्या फोर्डसारखीच, आणि कुणी बोलणी केली तर दहा मिनिटांत पुन्हा कपडे घालता येतात. ही सोय फोर्डला नव्हती.

तिसरा आक्षेप वेगाचा. १४५ सीसीचं, सात-साडेसात अश्वशक्तीचं इंजिन घेऊन कसली हॉट रॉड? यावर उत्साही माणसाकडे उपाय तयार असतात: मोठा कार्बोरेटर, पोर्ट घासणं, मोकळा सायलेन्सर, जमलं तर दुसरंच इंजिन. इथे मोटार वाहन कायदा, १९८८चं कलम ५२ आडवं येतं. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हे कलम पुन्हा ठासून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने शिक्षाही घातली: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द पाहा. हॉट रॉडवाला कामांची जी यादी भिंतीवर चिकटवतो, तिच्यापुढे नुसते आकडे मांडले की दंडाची पावती तयार होते. मोकळ्या सायलेन्सरचं तर विचारायलाच नको. राज्यातल्या किती तरी शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवला आहे. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी चेतकला दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत, चाकं दहा इंचांची आहेत आणि इंजिनाचा भार एका बाजूला आहे. जी गाडी मूळ वेगातसुद्धा थांबण्याबद्दल स्वतंत्र मत बाळगते, तिचा वेग वाढवणं हा धाडसाचा नाही, विम्याचा विषय आहे.

म्हणून शर्यत रस्त्यावरून उचलून स्टँडवर आणावी. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी शेजाऱ्यापेक्षा वेगाने पळण्यात इज्जत मानली, कारण तिथे सगळ्यांच्या गाड्या सुरू होत होत्या. चेतकच्या संस्कृतीत मुद्दा तिथपर्यंत पोचतच नव्हता. सकाळी साडेसहाला शिफ्टला निघालेल्या चार माणसांपैकी कुणाची स्कूटर आधी सुरू होते, हीच खरी स्पर्धा होती. स्कूटर बाजूला कलवायची, थोडा वेळ धरून ठेवायची, सरळ करायची, मग किक, हा विधी देशाने दोन पिढ्या केला. त्यात श्रद्धेचा भाग थोडा आणि यंत्राचा जास्त. थंड किंवा बरेच दिवस उभ्या इंजिनाला सुरुवातीला पेट्रोलचा घट्ट घास लागतो. चोक नीट चालत नसेल, कार्बोरेटर सुकला असेल, तर कलवून तोच घास हाताने भरवला जातो. म्हणजे कलवावी लागणं हे स्कूटरचं वैशिष्ट्य नाही, तक्रार आहे. पहिल्या किकसाठी लागतं ते असं: पिस्टन रिंगांत दम, क्रँकची ऑइल सील शाबूत, कारण टू-स्ट्रोकमध्ये हवा खालूनच खेचली जाते आणि सील गळकी असली की मिश्रण पातळ होतं, पॉइंटची गॅप बरोबर, कंडेन्सर जिवंत, प्लग कोरडा, जेटमध्ये कचरा नाही, आणि पेट्रोलमध्ये तेल लिटरला २० मिली या बेताने, ‘जरा जास्तच घाल, इंजिनाला बरं’ या प्रेमाने नाही. यातली एकही गोष्ट आरसीच्या तपशिलाला हात लावत नाही. कायद्याला मान्य, खिशाला सोसणारी आणि गल्लीत डोळे विस्फारायला लावणारी सुधारणा एवढी एकच आहे. बजाजनगरात एखादी १९८६ची चेतक चार महिने उभी राहून, न कलवता, पहिल्या किकला पेटली, तर मोकळ्या सायलेन्सरच्या गाडीपेक्षा जास्त माणसं गोळा होतील. त्यांतले निम्मे तरी म्हणतील की त्याने आधी गुपचूप सुरू करून गरम करून ठेवली होती.

मग गाडी निवडताना काय पाहायचं? इंजिन नाही, पत्रा नाही, आधी कागद. आरसी कुणाच्या नावावर आहे, तो गृहस्थ हयात आहे का, नसेल तर वारस किती आणि ते आपसांत बोलतात का. मालक गेला असेल तर फॉर्म ३१, विकत घेतली तर फॉर्म २९ आणि ३०, नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर फॉर्म २५. ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांवरच्या दुचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क २,००० रुपये झालं आहे. त्यावर पर्यावरण कर, पीयूसी, आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट, जिची किंमत दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी अशी ठरलेली आहे आणि जिची मुदत कधीच ठरलेली राहिली नाही. पन्नास वर्षं पुरी केलेली चेतक सापडली तर आणखी मजा. २०२१च्या नियमांप्रमाणे अशी गाडी मूळ रूपात असेल तर तिला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, २०,००० रुपये भरून, दहा वर्षांसाठी. पण मग ती रोजच्या वापरात आणता येत नाही. म्हणजे गाडी बदललीत तर दंड आणि अजिबात बदलली नाहीत तर सन्मानाने घरी बसवणार. या दोन टोकांच्या मध्ये जी पट्टी उरते, तीत १९८०च्या दशकातली साधी, वापरात राहू शकणारी, कागद नीट असलेली चेतक बसते. तीच घ्यावी.

आणि ती शक्यतो परक्याची घ्यावी. घरच्या चेतकवर प्रकल्प सुरू करण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण ती फुकट असते. फुकट असते हा गैरसमज आहे. वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून उचल काढून घेतलेल्या स्कूटरचा प्रत्येक नट हा घरातल्या कुणाच्या तरी आठवणीला लावलेला असतो. हँडल काढलं की आईला गाणगापूरची सहल आठवते, मागची सीट काढली की आत्या फोन करते, आणि पुढची जाळी भंगारात दिली असं नुसतं बोललात तरी सोलापूरच्या काकांना दुसऱ्या दिवशी कळलेलं असतं. अशा गाडीत पिस्टन बदलायला बहुमत लागतं. त्याउलट अनोळखी माणसाची स्कूटर उघडताना आपल्याला एकच प्रश्न पडतो: हा स्क्रू इथे कुणी आणि का लावला? भावनेपेक्षा हा प्रश्न सोपा. घरची चेतक दुसऱ्या प्रकल्पासाठी राखून ठेवावी, हात बसल्यावर.

नियोजनाच्या बाबतीत बजाजनगरात एक विचित्र अडचण आहे. इथे नियोजन करता येणारी माणसं जरुरीपेक्षा जास्त आहेत. जी माणसं कंपनीत सुटा भाग कुठल्या ट्रॉलीवर, कुठल्या मिनिटाला हवा हे सांगतात, कायझेनसाठी शिल्ड घेऊन येतात, जमिनीवर पिवळे पट्टे मारून कचऱ्याच्या डब्याचीही जागा ठरवतात, तीच घरी आल्यावर इंजिनाचे नट श्रीखंडाच्या डब्यात टाकतात आणि डबा कुठे ठेवला ते विसरतात. शेजाऱ्यांचा सहभाग तर अटळ. एक जण क्लिअरन्स तपासतो, दुसरा रंगाची जाडी, तिसरा तुमची पद्धत चुकली असल्याचं कारणासह सांगतो, आणि तिघांची मिळून जी बैठक होते तिचं इतिवृत्त लिहिलं तर एखादं ऑडिट पास होईल, पण स्कूटर तशीच असते. म्हणून क्रम आधीच लिहून भिंतीवर लावावा आणि तो बदलायची परवानगी कुणालाही, विशेषतः स्वतःला, देऊ नये: कागद, फ्लोअर, ब्रेक, वायरिंग, इंजिन, शॉकॉप आणि चाकं, आणि सर्वात शेवटी रंग. नवशिका हा क्रम बरोबर उलटा करतो. आधी सीट शिवून आणतो, मग रंग मारतो, मग कळतं की फ्लोअर दुरुस्त करायला तो रंग खरडावा लागणार आहे. वेळेचाही अंदाज प्रामाणिक धरावा. बजाजचा अख्खा वाळूज प्रकल्प १६ महिन्यांत उभा राहिला आणि उत्पादन करू लागला. त्याच वाळूजमध्ये जिन्याखालची एक स्कूटर १६ महिन्यांत उभी राहील असं गृहीत धरू नये. त्या प्रकल्पाला थर्ड शिफ्टचे आठवडे, मेव्हण्याचं लग्न, गणपती आणि आषाढीला इथल्या छोट्या पंढरपूरची गर्दी हे सांभाळायचं नव्हतं.

शेवटचा आक्षेप तरुणांचा. २०२० साली चेतक विजेची होऊन परत आली आहे, बटण दाबलं की चालते, तीच घ्यावी की. घ्यावी, जरूर घ्यावी. कामावर वेळेत पोचायचं असेल तर तीच घ्यावी. पण तिचा प्रकल्प करता येत नाही, कारण तिच्यात बिघाड झालाच तर तो संगणकाला दिसतो, माणसाला दिसत नाही. हॉट रॉडला असा दोष लागतो जो कानाने ओळखता येतो, नाकाने पडताळता येतो आणि दहा नंबरच्या पान्याने वाढवता येतो. जुन्या चेतकमध्ये असे दोष भरपूर आहेत आणि ते एकेक करून सापडतात, म्हणजे शिकायला वेळ मिळतो.

राहता राहिला रंग. यावर घरात सर्वात जास्त चर्चा होईल. मुलाला मॅट काळा हवा असेल, मुलीला फिरोजी, शेजारच्या पेंट शॉपवाल्याकडे कुठल्याशा मोटारसायकलचा उरलेला केशरी असेल आणि तो फुकट देईल. चर्चा भरपूर होऊ द्यावी, चहाही करावा. आणि सगळ्यांचं बोलून झाल्यावर आरसी उघडून रंगाचा रकाना वाचून दाखवावा. वेगळा रंग हवाच असेल तर आरटीओत अर्ज करून तशी नोंद करून घ्यावी लागते, असं सांगून अर्ज लिहायला कोण जाणार, एवढंच विचारावं.